ह्वांगना काय ऐकू आलं

"डोळे मिटा आणि फक्त ऐका," मी म्हणाले.

पाचही जणांनी डोळे मिटले. टेबलावरच्या मोबाईलमधून आधी नळाचा आवाज आला, मग भांड्यावर भांडं आपटल्याचा, आणि मग कुकरची शिट्टी. त्या शिट्टीला धाकटा इंजिनिअर दचकला, तसे बाकीचे हसायला लागले.

"किचन," सगळे एकदम म्हणाले.

"कुणाचं?"

र्यू साहेबांनी हात वर केला. पन्नाशीचा, कंपनीतला दोन नंबरचा माणूस, पण क्लासमध्ये अगदी शाळकरी पोरासारखा बसायचा.

चाकणच्या पुढच्या एमआयडीसीतली ती कोरियन कंपनी गाड्यांच्या दरवाजांचे पत्रे बनवायची. दोन हजार अकरा साली मी तिथं कोरियन साहेबांना इंग्रजी शिकवायला जात होते. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी साडेतीन ते पाच. वाचता-लिहिता त्यांना माझ्याइतकंच यायचं, व्याकरणात तर ते मलाच पकडायचे. अडायचं ते ऐकण्यात. समोरचा माणूस बोलायला लागला की हसून मान हलवायचे आणि त्यातलं काहीच कळलेलं नसायचं. म्हणून मी पुस्तक बाजूला ठेवून खेळ घ्यायला लागले. त्या आठवड्याचा खेळ असा होता: प्रत्येकानं आपल्या रोजच्या जागेचा तीन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून आणायचा, बाकीच्यांनी तो ऐकून काय काय ऐकू आलं ते इंग्रजीत लिहायचं.

शेवटचा नंबर ह्वांग यांचा होता. प्रेस शॉपचे, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या विभागाचे, इन्चार्ज. पंचेचाळीस वर्षांचे, बारीक, मितभाषी. वर्गात सगळ्यात मागं होते आणि सगळ्यात जास्त मेहनत तेच करायचे. त्यांनी फोन माझ्यासमोर ठेवला.

प्रेसचे ठोके सुरू झाले. ते आम्हाला सवयीचेच होते, कारण ट्रेनिंग रूम प्रेस शॉपच्या भिंतीला लागून होती. दोन ठोक्यांच्या मध्ये वाक्य कसं बसवायचं हे मी पहिल्याच महिन्यात शिकले होते. ह्वांग बोट वर करून सांगत होते, "हा एक नंबर. हा दोन. हा जड आहे ना, हा चार." मग फोर्कलिफ्ट मागं घेतानाचा टूं टूं आवाज. आणि त्याच्या मागं दोन माणसांचं बोलणं, मराठीत.

पहिला आवाज तेलंगेचा होता. चार नंबरच्या प्रेसवरचा ऑपरेटर, नांदेडकडचा, कॉन्ट्रॅक्टवर. मी आत शिरताना तो मला न चुकता "नमस्कार मॅडम" म्हणायचा. तो म्हणत होता, "सेन्सर चालू करा ना साहेब. काल दोनदा माझा हात आत होता आणि वरून ठोका आला की. थोडक्यात वाचलो."

दुसरा आवाज म्हणाला, "सेन्सर खराब हाय. आत हात नसला तरी सारखा मशीन बंद पाडतो, म्हणून तार मारून बायपास केलाय. नवा कोरियातून यायचाय. आठ दिवस कळ काढ. हात जरा लवकर काढत जा."

"आणि परत ठोका आला तर?"

"बायपासचं कुठं बोलू नको. रिपोर्ट-बिपोर्टच्या भानगडीत पडू नको. तुझंच कॉन्ट्रॅक्ट जाईल, सेन्सर तिथंच राहील."

दुसरा आवाज अंकुशदादाचा होता. माझ्या सख्ख्या भावाचा.

तीन मिनिटं संपली. सगळ्यांनी डोळे उघडले. ह्वांग यांनी विचारलं, "टीचर, दोन माणसं बोलतात. काय बोलतात?"

ते साधंच विचारत होते, खेळातला पुढचा प्रश्न म्हणून. पाच जण पेन धरून माझ्याकडं बघत होते.

"जेवणाचं," मी म्हणाले. "डब्यात काय आणलंय, ते."

पाचही जणांनी वहीत लिहून घेतलं, दोन माणसं जेवणाबद्दल बोलत आहेत.

*

दादा त्या कंपनीत मेंटेनन्सचा सुपरवायझर होता. नवऱ्याचं घर सोडून मी आले तेव्हा वडील हयात नव्हते, आई दादाकडंच होती. दादानं एकही प्रश्न विचारला नाही. मागची खोली रिकामी करून दिली, आणि तीन महिन्यांनी र्यू साहेबांसमोर उभं करून ही नोकरी मिळवून दिली. इंग्रजी त्याला येत नव्हतं. साहेबांशी तो हातवाऱ्यांनी आणि मशीनच्या नावांनी बोलायचा. माझ्याबद्दल मात्र सगळ्यांना सांगत फिरायचा, "बहीण साहेब लोकांना शिकवती."

त्या संध्याकाळी तो ओट्यावर चहा पीत बसला होता. मी समोर जाऊन बसले आणि काय ऐकलं ते सांगितलं.

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "त्यांना कळलं का?"

"नाही. मी जेवणाचं म्हणून सांगितलं."

"मग झालं."

"दादा, त्याचा हात जाईल."

"मला कळत नाही का ते?" त्याचा आवाज चढला नाही. "सबनीस साहेबांनी तोंडी सांगितलं. बायपास कर, माल थांबला नाही पाहिजे. लिहून द्या म्हणलं तर म्हणाले, लिहून मागणारा माणूस मला नको. आता मी काय करू, सांग."

सबनीस म्हणजे प्रॉडक्शनचे मुख्य, आपलेच, पुण्याचे.

"र्यू साहेबांना सांग."

"कुठल्या भाषेत?"

वहिनी दारात येऊन उभी होती. तिनं ऐकलं असावं, पण ती तशीच आत गेली. दादानं उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सोमवारी मी सेन्सर पुसून बघतो. चालला तर तार काढून टाकतो. तू यात पडू नको."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता.

*

मंगळवारी ह्वांग अर्धा तास आधीच येऊन बसले होते. कानाला हेडफोन, समोर कागद. मला बघून ते उठले, वाकून नमस्कार केला आणि कागद माझ्याकडं सरकवला.

वर्गात मी त्यांना नेहमी सांगायचे, सगळं समजलंच पाहिजे असं नाही, ओळखीचे शब्द पकडा आणि बाकीचा अंदाज बांधा. त्यांनी तेच केलं होतं. कागदावर सुबक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: सेन्सर, तीन वेळा. बायपास, दोन वेळा. रिपोर्ट, एक वेळा. आणि सगळ्यात खाली: लंच, शून्य.

"मी तीस वेळा ऐकलं," ते म्हणाले. ते सावकाश, शब्द मोजून बोलत. "माझं ऐकणं वाईट आहे, टीचर. म्हणून विचारतो. हे जेवणाचं आहे?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. मी चूक दाखवून देईन असं त्यांना खरंच वाटत होतं की काय, मला आजही सांगता येणार नाही. भिंतीपलीकडं चार नंबर चालू होता. प्रत्येक ठोका खाली आला की मी पुढच्या ठोक्याची वाट बघत होते.

"नाही," मी म्हणाले. "जेवणाचं नाही."

आणि मी त्यांना सगळं सांगितलं, वाक्य न् वाक्य, सोप्या इंग्रजीत. दुसरा आवाज कुणाचा हे सोडून. त्यांनीही विचारलं नाही. मेंटेनन्सचा माणूस कोण हे त्यांना ठाऊकच असणार. मी थांबले की ते तेवढं वाक्य परत म्हणून दाखवायचे, बरोबर आहे का म्हणून. "काल दोनदा हात आत होता." मी मान हलवायचे. ते लिहायचे.

शेवटी त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि क्लास न करताच र्यू साहेबांच्या केबिनकडं गेले. र्यू साहेबही त्या दिवशी क्लासला आले नाहीत. मी उरलेल्या तिघांना भाज्यांची नावं ऐकवत बसले.

बुधवारी दादा घरी आला तो खुशीत. "सकाळी चार नंबर बंद ठेवला होता. काय झालं कुणास ठाऊक. कोरियन साहेब मशीनला फेऱ्या मारत होते."

"मग तार काढली?"

"दुपारी परत चालू करायला लावला. जुना पुसून काही चालला नाही, नवा सेन्सर सोमवारी येतोय म्हणे विमानानं. तोवर असंच."

"कुणी लावला?"

"वरून सांगितलं." त्यानं चप्पल काढता काढता माझ्याकडं बघितलं. "तू कुणाला काही बोललीस का?"

"नाही," मी म्हणाले. ते दुसरं खोटं.

*

गुरुवारी ह्वांग आले, र्यू साहेबही आले. दोघं एकमेकांपासून लांब बसले. सुरू करण्यापूर्वी मी ह्वांग यांच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं." ते वहीकडं बघत होते. "र्यू बुजांग म्हणाले, सोमवारपर्यंत सावकाश चालवा." बुजांग म्हणजे त्यांच्याकडं वरचा साहेब. त्याच्यापुढं ह्वांग यांनी दुसऱ्यांदा तोंड उघडलं असेल असं मला वाटत नाही.

"आणि चालवतायत का सावकाश?"

त्यांनी वहीचं पान उलटलं. ठोके रोजच्याच वेगानं पडत होते. ते मला ऐकू येत होते, तर त्यांना येतच असणार.

र्यू साहेब मागून हसत म्हणाले, "टीचर, क्लासमध्ये फक्त क्लास."

त्या दिवशीचा खेळ डोळ्यांवर पट्टी बांधून चालण्याचा होता. खोलीत खुर्च्या आडव्या-उभ्या मांडायच्या, एकाचे डोळे बांधायचे आणि बाकीच्यांनी इंग्रजीत सांगून त्याला दारापर्यंत न्यायचं. डावीकडे, दोन पावलं पुढे, थांबा. चिठ्ठी ह्वांग यांची निघाली. मी माझाच रुमाल त्यांच्या डोळ्यांवर बांधला. धाकटा इंजिनिअर सूचना द्यायला लागला. ह्वांग हात पुढं करून चालत होते, खुर्चीला गुडघा लागला की माफी मागत होते. र्यू साहेब मोठ्यानं हसत होते.

"एक पाऊल उजवीकडे," धाकटा म्हणाला.

ह्वांग हलले नाहीत.

"उजवीकडे. राइट."

ते खोलीच्या मधोमध उभे होते, मान किंचित वाकडी, भिंतीकडं कान. मला आधी कळलंच नाही. एक नंबर चालू होता, दोन नंबर चालू होता. मग माझ्याही लक्षात आलं की मधला जड ठोका येत नाहीये. तेवढ्यात बाकीचेही एकेक करून थांबत गेले. त्या खोलीत मी पहिल्यांदाच शांतता ऐकली.

"फोर," ह्वांग म्हणाले. पट्टी तशीच होती.

मग पलीकडं कुणीतरी ओरडायला लागलं, आणि ते काही केल्या थांबेना.

*

तेलंगेच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला.

शनिवारचा क्लास रद्द झाला होता, पण मला बोलावलं. केबिनमध्ये र्यू साहेब होते आणि सबनीस होते. टेबलावर टाईप केलेला एक कागद होता, गेल्या महिन्याची तारीख घातलेला. ह्वांग यांचं मूल्यमापन. लिसनिंग, लेव्हल एक. इंग्रजीतल्या तोंडी सूचना समजू शकत नाहीत. खाली माझं नाव, आणि सहीची जागा रिकामी.

र्यू साहेब खिडकीबाहेर बघत होते. सबनीस मराठीत बोलले, अगदी घरच्यासारखं. "हे बघा मॅडम, सोमवारी फॅक्टरी इन्स्पेक्टर येतायत. टार्गेट गाठायला तेलंगेनं स्वतःच तार मारली, असं रिपोर्टमध्ये चाललंय. ह्वांगला कुणी काही सांगायला गेलं असेल, तर भाषेमुळं त्याला ते कळलं नाही. इतकंच. कुणाची नोकरी जात नाही. ह्वांगची नाही, तुमची नाही. अंकुशला तर कुणी विचारणारही नाही."

"आणि तेलंगेला?"

"त्याचं कंपनी बघेल ना. दवाखाना सगळा आपणच करतोय."

मी कागद घेऊन घरी गेले. दादा दोन दिवस जेवला नव्हता. खोलीत अंधार करून पडला होता. कागद त्याला दाखवला. त्याला इंग्रजी वाचता येईना, मी मराठीत करून सांगितला.

"कर सही," तो भिंतीकडं तोंड करूनच म्हणाला. "बोटं तर काय आता परत यायची नाहीत."

मी सही केली. माझ्या सगळ्यात कष्टाळू विद्यार्थ्याला मी लेव्हल एक दिली आणि सोमवारी सकाळी तो कागद स्वतःच्या हातानं नेऊन दिला.

*

इन्स्पेक्टर निकाळजे म्हणून होते. जाड चष्मा, हातात साधी वही. सगळ्यांना त्यांनी त्याच ट्रेनिंग रूममध्ये बसवलं. र्यू साहेब, सबनीस, ह्वांग, मी, आणि पुण्याहून खास बोलावलेली एक दुभाषी मुलगी. दादा आणि दोन ऑपरेटर बाहेर बाकावर होते, नंबर आला की आत घ्यायचं म्हणून. उकडत होतं, म्हणून दार उघडंच ठेवलं होतं. प्रेस शॉप बंद होतं. फळ्यावर गुरुवारचे शब्द तसेच होते, लेफ्ट, राइट, स्टॉप.

निकाळजेंनी माझा कागद दोनदा वाचला. मग ह्वांग यांच्याकडं वळून इंग्रजीत, सावकाश विचारलं, "सेन्सर बंद आहे हे अपघाताआधी तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

दुभाषी मुलगी कोरियनमध्ये भाषांतर करायला लागली. तिचं वाक्य अर्ध्यावर होतं.

"येस," ह्वांग म्हणाले.

मुलगी थांबली. र्यू साहेब कोरियनमध्ये काहीतरी तुटक बोलले. ह्वांग यांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही.

"प्रश्न मला समजला," ते इंग्रजीतच पुढं म्हणाले. "मंगळवारी टीचरनी सांगितलं. मी लिहून घेतलं. मला समजलं. नंतर मी वर सांगितलं. मी मशीन बंद ठेवलं नाही. ते माझं काम होतं." त्यांनी बोट माझ्या कागदावर ठेवलं. "हा कागद बरोबर नाही. मला ऐकू येतं."

मग त्यांनी खिशातून तो घडीचा कागद काढला, फोन काढला, आणि दोन्ही निकाळजेंसमोर ठेवले.

सबनीस म्हणाले, "साहेब, यांचं इंग्रजी जरा..."

"मला कळतंय यांचं इंग्रजी," निकाळजे म्हणाले. ते माझ्याकडं वळले आणि मराठीत बोलले. "मॅडम, ही सही तुमची?"

"हो."

"मग आता तुम्ही सांगा."

मी सांगितलं. त्याच्या आधीच्या शनिवारपासून सुरू केलं, जेवणाबद्दल बोलतायत म्हणाले तिथपासून. तार कुणी मारली, ती कुणी मारायला सांगितली, बुधवारी मशीन परत कुणी चालू करायला लावलं, ते सगळं. दादाचं नाव घेताना थांबले, मग घेतलं. दुभाषी मुलगी माझ्या मागोमाग कोरियनमध्ये सांगत होती आणि ह्वांग डोळे मिटून ऐकत होते. पाऊण तास गेला असेल.

त्यातून पुढं काय झालं ते सांगते. तेलंगेवरचा ठपका निघाला. त्याला भरपाई म्हणून जे मिळायचं ते मिळालं, आणि पुढं तो त्याच कंपनीच्या स्टोअरमध्ये कायम झाला. सबनीसांची नोकरी गेली. ह्वांग यांना महिन्याच्या आत परत कोरियाला पाठवलं. बढतीवर नाही, एवढं मला कळलं. र्यू साहेब तिथंच राहिले. माझा क्लास त्याच दिवशी बंद झाला. दादाला दुसरं काम मिळायला सात महिने लागले आणि त्याआधीच मी त्याची मागची खोली सोडली होती. तो कधी जा म्हणाला नाही.

पण त्या दुपारी मी बाहेर आले, तेव्हा यातलं काहीच झालेलं नव्हतं. दादा बाकावर बसलेला होता, दारापासून चार हातांवर. दोन्ही ऑपरेटर उठून कुठंतरी गेले होते. मी त्याच्यासमोर उभी राहिले. त्यानं गळ्यातलं ओळखपत्र काढून हातात घेतलं होतं आणि त्याची पट्टी तो बोटाभोवती गुंडाळत होता, सोडत होता.

"इंग्रजीत सांगायचं होतंस," तो म्हणाला. "मला कळलं नसतं."

आतून निकाळजेंनी त्याच्या नावानं हाक मारली. तो उठला, शर्ट नीट केला आणि आत गेला.